हातावर दही न घेता

१० जानेवारी, रायस्वाइक

मिळालं! चेंगडू. फेब्रुवारी ते जून, एक सेमिस्टर. विद्यापीठाची मेल आली तेव्हा टिलबर्गहून परत येत होते, गाडी ब्रेडाच्या पुढे आलेली. शेजारी एक डच आजोबा पेपर वाचत होते. त्यांनाच सांगून टाकलं. छान, म्हणाले, आणि पुन्हा पेपरात शिरले. मला तेवढं पुरलं.

घरी शिरीष डिशवॉशर लावत होता. सांगितलं. ताटली हातात तशीच धरून म्हणाला, "एकटी?"

नाही, बँडबाजा घेऊन जाते.

हे मनात. तोंडाने म्हटलं, "हो."

११ जानेवारी

रात्रभर तोच शब्द डोक्यात. एकटी म्हणजे काय? या देशात आले तेव्हा शिरीषच्या व्हिसाला चिकटून आले. कडेवर दोन वर्षांची मृण्मयी. खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव लिहायला शिरीष, डॉक्टरकडे शिरीष, बँकेत शिरीष. मला कोणी काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. वाईट नाही तो. घाई असते त्याला, एवढंच.

मग टिलबर्गच्या गोदामात प्लॅनिंगची नोकरी लागली. चेंगडूहून रेल्वेने कंटेनर यायचे. ते कुठवर आले ते स्क्रीनवर बघत बसायचं, हे माझं काम. कझाकस्तान, पोलंड, जर्मनी, टिलबर्ग. सहा वर्षं मी त्या ठिपक्यांची वाट पाहिली. लोखंडी डबे अर्धं जग बघून यायचे आणि मी रायस्वाइक ते टिलबर्ग, टिलबर्ग ते रायस्वाइक. शेवटी नोकरी सोडली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिथल्याच विद्यापीठात मास्टर्सला बसले. वर्गात सगळ्यांत मोठी मी. एक प्राध्यापकसुद्धा माझ्याहून लहान आहे.

आता हे डबे निघतात कुठून ते बघायला जाणार. जाणार म्हणजे जाणार.

१८ जानेवारी

द हेगला मंडळाचं हळदीकुंकू. मंजूषाने तिळगूळ हातावर ठेवला आणि तो सोडायच्या आत सुरू झाली. "अगं, चीन? लोक शिकायला तिथून इकडे येतात! आणि एकटी? शिरीषच्या जेवणाचं काय?"

"त्याला हात आहेत," मी म्हटलं.

"मृण्मयीचं बारावीचं वर्ष."

"तिलाही हात आहेत."

बायका हसल्या, पण एकमेकींकडे बघून. माझ्याकडे बघून कोणी नाही.

वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मिळाला. निळ्या झाकणाचा, चांगला आहे. घरी येऊन उलटा केला. मेड इन चायना. याला कोणी विचारलं नाही, एकटा आलास का म्हणून.

३ फेब्रुवारी

व्हिसा आला. काउंटरवरच्या बाईनेही विचारलं, एकट्याच? मी गोड हसले. पासपोर्ट हातात येईपर्यंत माणसाने गोड हसावं.

९ फेब्रुवारी

आई पुण्याहून आल्या. म्हणजे सासूबाई. शिरीषने मला न विचारता बोलावून घेतलं. "घराकडे बघायला कोणीतरी हवं ना." घर काय पळून चाललं होतं?

आई एकाहत्तर वर्षांच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. अजून कोणी बोलायला लागलं की त्या चष्म्यावरून अशा बघतात की वाटतं, उभं राहून उत्तर द्यावं. कोट काढता काढता विचारलं, "किती महिने?"

"साडेचार."

"हं."

बास. एवढंच. त्या "हं"मध्ये काय काय होतं ते मला नीट कळलं. अठरा वर्षं ऐकते आहे.

१९ फेब्रुवारी, स्किपोल विमानतळ

गेटवर बसून लिहिते आहे. रागाने.

आमच्या घरात कोणीही निघालं की आई हातावर दही घालतात. शिरीष दोन दिवस जर्मनीला गेला तरी दही. मागे एकदा त्या इथे आलेल्या असताना मृण्मयीची शाळेची सायकलची परीक्षा होती, तेव्हा दही. शेजारची डच पोरगी तिच्याबरोबर निघाली होती, तिच्याही हातावर दही. ती बिचारी आ वासून बघत राहिली होती.

आज फ्रीजमध्ये दही होतं. मी सकाळीच बघून ठेवलं होतं. बूट घालून दारात उभी राहिले, उजवा हात जरा पुढेच. आईंनी त्यावर पाण्याची बाटली ठेवली. "विमानात पाणी पीत राहा."

बरं.

निघताना आपण "येते" म्हणतो. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "जाते."

शिरीषचा चेहरा पडला. आईंचा नाही. त्या आत वळल्यासुद्धा.

२६ फेब्रुवारी, चेंगडू

वसतिगृहाच्या दारात एक बाई बसतात, लिऊ नावाच्या. मी मनातल्या मनात त्यांना लिऊमावशी करून टाकलंय. द हेगच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं माझं चिनी त्यांच्यासमोर पार लंगडं पडलं, पण पहिला प्रश्न लगेच कळला. "यीगरन?" म्हणजे शब्दशः एक माणूस. म्हणजे एकटीच? मग नवरा कुठे, मुलं किती, मुलगा नाही? हुबेहूब आमचं मंडळ. एवढं आठ हजार किलोमीटर उडून आले ते कशाला!

पण मग त्या माझी बॅग वर नेऊ लागल्या. मी खेचली, त्यांनी खेचली. शेवटी दोघींनी मिळून नेली.

४ मार्च

आज वर्गाबरोबर रेल्वेच्या मालधक्क्यावर गेले. क्रेन डबे उचलून वाघिणींवर ठेवत होती. एका डब्याच्या कागदावर टिलबर्ग लिहिलेलं. सहा वर्षं मी याच डब्यांच्या येण्याची बाजू पाहिली, आज जाण्याची पाहिली. डोळ्यांत पाणी आलं. वर्गातली विशीतली मुलं माझ्याकडे बघत होती. बघू देत.

८ मार्च

इथे व्हॉट्सअ‍ॅप धड चालत नाही. शिरीषला वीचॅट घ्यायला सांगून दमले, त्याला वेळ नाही. आणि आज कोणाचा निरोप यावा? आईंचा! मृण्मयीने त्यांच्या फोनवर घालून दिलंय. आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. पहिलाच निरोप:

"सुमेधा, तिथे बायकांची शौचालयं कशी असतात? उकिडवं बसावं लागतं का?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. थेट शौचालय.

१७ मार्च

आईंची चौकशी समिती रोज बसते. स्टेशनवर जिने आहेत का सरकते जिने? बॅग कोण उचलतं? वरणभात नाही तर मग शाकाहारी माणूस खातं काय? कोणाला इंग्रजी येतं का? आजारी पडलं तर?

मी तुटक उत्तरं देते. सरकते आहेत. मीच. नूडल्स, टोफू, भाज्या. नाही. पडलेले नाही.

मला माहीत आहे हे कशासाठी चाललंय. एक दिवस माझं काहीतरी चुकेल आणि त्या चष्म्यावरून बघून म्हणतील, बघ.

२९ मार्च

एप्रिलमध्ये विद्यापीठाचे क्रीडादिन आहेत, वर्ग बंद. पुढचेमागचे दिवस जोडून मी दुनहुआंगची लेणी बघायला जाणार. ट्रेनने उत्तरेला लानचोऊ, तिथून पश्चिमेला, वाळवंटाच्या तोंडापर्यंत. ग्रुप नाही, गाइड नाही. शिरीषला मृण्मयीच्या फोनवर व्हिडिओ करून सांगितलं.

"सेमिस्टरला मी हो म्हटलं," तो म्हणाला, "पण वाळवंटात एकटी? हे जरा अति होतंय, सुमेधा."

"तू हो म्हणाला नव्हतास. मी तुला विचारलंच नव्हतं."

मागे आई मेथी निवडत बसलेल्या दिसल्या. मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

३ एप्रिल

शिरीषने तिकीट काढलं. सरप्राइज! तो येतोय, आपण दोघं मिळून दुनहुआंगला जाऊ. केवढा खूश होता. रजा मंजूर करून घेतली, व्हिसाची वेळ घेतली, मला कळू न देता.

यात वाईट काय? काही नाही. प्रेमाने केलंय. म्हणून तर जास्त राग येतोय. भांडायचं कोणाशी?

मला सगळं दिसतंय. पासपोर्ट त्याच्या खिशात. तिकिटं त्याच्या फोनवर. तो दहा पावलं पुढे, भेटेल त्याला इंग्रजीत विचारत सुटलेला, आणि मी मागून पाण्याची बाटली घेऊन. रस्ता चुकला तर तो चुकणार, सापडला तर त्याला सापडणार. मला माझा रस्ता एकदा तरी चुकायचा आहे. एवढंच मागते आहे मी. कोणाचं काय जातंय यात?

४ एप्रिल

त्याला म्हटलं, नको येऊस.

"मी नकोय तुला?"

"या आठवड्यात नको."

फोन ठेवला त्याने. मला वाईट वाटलं. तरी शब्द मागे घेणार नाही.

७ एप्रिल

फोन नाही.

१० एप्रिल

तो येत नाहीये. माझ्या सांगण्यावरून नाही हं. आई म्हणाल्या, मृण्मयीची परीक्षा तोंडावर आहे, मला डच येत नाही, तू घरात हवास. झालं, तिकीट रद्द. मी घसा फोडून सांगितलं ते पचलं नाही. आईने एकदा सांगितलं की आज्ञा.

सुटले, खरं आहे. पण अशी सुटका मला नको होती.

वर आईंचा निरोप: "तो येत नाही. तू मात्र जाणारच ना?"

तो "मात्र" बरोबर टोचला. उत्तर पाठवलं, "जाणारच."

१९ एप्रिल, लानचोऊ

निघाले! खिडकीशी जागा. शेजारच्या बाईने सूर्यफुलाच्या बिया मूठभर माझ्या हातावर ओतल्या आणि विचारलं, यीगरन? मी मान हलवली. तिने आणखी मूठभर ओतल्या.

गाडी सुटल्यावर फोनवरचं लोकेशन बंद केलं. शिरीषच्या स्क्रीनवर मी ठिपका होऊन फिरत होते, फेब्रुवारीपासून. ठिपक्यांकडे बघणं म्हणजे काय ते मला नाही कळणार तर कोणाला? त्याला लिहिलं, रोज संध्याकाळी निरोप देईन, काळजी करू नकोस. मी कंटेनर नाही.

२१ एप्रिल, चांगये

हे नीट लिहून ठेवते.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उलटसुलट केला आणि फोनवर भाषांतर करून समोर धरला: परदेशी पाहुण्यांना इथे राहता येत नाही. बुकिंग झालेलं, पैसे भरलेले. बाहेर वारा असा की डोळे उघडवत नव्हते. तिने दुसऱ्या हॉटेलचा पत्ता लिहून दिला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

एरवी मी गेले असते. माफ करा म्हणून गेले असते, ही खरी गंमत. आज पाय हललेच नाहीत.

लॉबीतल्या सोफ्यावर बसले. पिशवीतून डबा काढला, तोच, मंजूषाच्या हळदीकुंकवाचा, निळ्या झाकणाचा. स्टेशनवर घेतलेला वाफेचा पाव आणि दाण्याची चटणी. जेवायला लागले. भांडले नाही, आवाज चढवला नाही. नुसता ठिय्या. मुलगी गोंधळली. मग तिने गरम पाणी आणून दिलं. मी तिला चटणी दिली. ती खोकत खोकत हसायला लागली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिने पोलीस चौकीला फोन लावला.

पोलीस आला तेव्हा मी डब्याला झाकण लावून उभी राहिले. पन्नाशीचा माणूस, स्कूटरवरून आलेला. पासपोर्टचा फोटो काढला, नोंद केली, मुलीला कसं भरायचं ते दाखवलं. संपलं! एवढंच होतं. तिला माहीत नव्हतं आणि तिने आधी कोणाला विचारलं नव्हतं.

जाताना त्याने विचारलं, "यीगरन?"

"यीगरन," मी म्हटलं. मोठ्याने, त्याच्या डोळ्यांत बघून. आजवर हा शब्द फक्त दुसऱ्यांनी विचारला होता. आज मी तो सांगितला. खोलीत आल्यावर आरशात बघून पुन्हा एकदा म्हटला. वेडी झाले आहे.

२२ एप्रिल

फुशारकी आवरली नाही, आईंना सगळा प्रसंग बोलून पाठवला. म्हटलं, ऐका, तुमच्या सुनेचं काही अडलं नाही. उत्तर आलं: "त्या हॉटेलचं नाव काय? पुन्हा सांग, हळू सांग."

तक्रार करणार असतील शिरीषकडे. करू देत. हळू सांगितलं.

२३ एप्रिल, दुनहुआंग

लेणी पाहिली. आत अंधार, गाइडची बॅटरी भिंतीवर सरकते आणि एकेक चेहरा पुढे येतो. निळा रंग अजून ओला वाटतो. इतक्या लांब, इतक्या कोरड्या जागी येऊन कोणीतरी हे रंगवत बसलं. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. दुःखाने नाही. इथे मी माझ्या पायांनी आले, म्हणून.

संध्याकाळी आईंचा निरोप, चांगला लांबलचक. मागे मृण्मयीचा डचमधला आवाज, काहीतरी विचारत होती.

"सुमेधा, ह्युएन त्संग त्याच भागातून गेला. बादशहाची बंदी होती देश सोडायला. तोसुद्धा परवानगी न घेताच निघाला होता."

तोसुद्धा! लागलं मला ते. पुढे म्हणाल्या, "एवढा चालत तो आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला. मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं. आपल्यातलं कोण गेलं परत भेटीला?"

मी एक शब्द पाठवला. "मी."

२४ एप्रिल

वाळू नाकात, कानात, मेतकुटात. सुखी आहे.

२६ एप्रिल, परतीची गाडी

शिरीषचा फोन, घाबराघुबरा. आई हरवल्या! दुपारी घरातून निघाल्या त्या निघाल्या. फोन लागेना, लोकेशन दिसेना. पोलिसात जायच्या बेतात होता आणि आई आल्या परत, चपलांत वाळू घेऊन. एक नंबरच्या ट्रामने स्केवेनिंगनला गेल्या होत्या. समुद्र बघायला. फोन स्वतः बंद केला होता.

"तुझं बघून सगळ्यांची डोकी फिरली आहेत," शिरीष म्हणाला.

मला इतकं हसू आलं की समोरच्या बर्थवरचे आजोबा उठून बसले. "अरे, आई समुद्रावर गेल्या तर पोलीस कशाला?" मी विचारलं. तो हळूच म्हणाला, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, खूप बरी आहे. आणि ते खरं होतं, म्हणून त्याचाही आवाज निवळला.

८ मे, चेंगडू

आई पुण्याला परत गेल्या. जाताना त्यांच्या हातावर दही कोणी घातलं, विचारायचं राहिलं.

२९ जून, रायस्वाइक

आले. घराबाहेर झेंड्याच्या काठीला मृण्मयीचं दप्तर लटकतंय. पास झाली की इथे असंच टांगतात. दोन आठवडे झाले, पण मला दिसावं म्हणून तिने काढलं नाही. गळ्यात पडून डचमध्ये म्हणाली, केवढी काळवंडलीस! मी मराठीत म्हटलं, उन्हात फिरले.

शिरीषने पोहे केले होते. मीठ जास्त. मी दोनदा घेतले. मग समोर बसून त्याने विचारलं, "कसं होतं?" एवढंच. मी बोलत सुटले, आणि तो मध्ये एकदाही बोलला नाही. शेवटी म्हणाला, मला वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, माहीत आहे. मलाही वाटलं होतं. तरी मी गेलेच असते. "तेही माहीत आहे," तो म्हणाला आणि माझी बशी उचलून घेऊन गेला.

१२ जुलै

सकाळी आईंचा फोन. सप्टेंबरमध्ये त्या चीनला चालल्या आहेत. लानचोऊ, चांगये, दुनहुआंग. तिकिटं मृण्मयीने काढून दिली, मार्चपासून दोघींचं चाललं होतं. कोणत्या स्टेशनावर सरकते जिने आहेत, शाकाहारी काय मिळतं, कोणतं हॉटेल आता परदेशी माणसाला नाही म्हणत नाही, सगळं पाठ. मीच सांगितलेलं. आणि मी त्याला चौकशी समिती म्हणत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, एकट्या?"

"हं," त्या म्हणाल्या.

कान तापले माझे. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मी निघाले तेव्हा माझ्या हातावर दही का नाही घातलंत?"

"घातलं असतं तर तू रडली असतीस. आणि राहिली असतीस."

मग म्हणाल्या, "जाते," आणि फोन ठेवला.